केडगावच्या पंडिता रमाबाई

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे मंडळाच्या सभेत ठरले, तेव्हा जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई आणि रमाबाई रानडे ही नावे भराभर उचलली गेली. माझी पाळी आली तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सांगितले. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एका भगिनीने, त्या तर ख्रिस्ती झाल्या होत्या ना, असे हळूच विचारले. प्रश्न रास्त होता. माझ्याही मनात तो बरेच दिवस होता. तरी मी हेच नाव का घेतले ते आधी सांगते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, लिहिण्याची सवय पत्रांपुरती आणि वाणसामानाच्या यादीपुरती. तेव्हा चूकभूल आपण सर्वजणी पदरात घ्यालच.

मागच्या खेपेस आपल्या मंडळाची सहल केडगाव बेटाला नारायण महाराजांच्या दत्तमंदिरात गेली होती, हे पुष्कळजणींना आठवत असेल. मला त्या सहलीला जायचे नव्हते. माझी थोरली मुलगी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. सतरा वर्षांची, बारावीत होती. चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. ती गेल्यापासून मी देवघरात पाऊल टाकले नव्हते. सोमवार, चतुर्थी, एकादशी, मी काय म्हणून चुकवले नव्हते? मग हे फळ का? सासूबाई काही न बोलता स्वतः देवांना आंघोळ घालीत, फुले वाहत आणि मला प्रसादाचे बोलावीत. मी हात पुढे करीत नसे. सहलीलाही त्यांनीच मला बळे धाडले.

मंदिरात सगळ्या दर्शनाला आत गेल्या, मी बाहेर पायरीवर बसून राहिले. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनाकडे येताना आमच्यापैकी सहा-सातजणी मुक्ती मिशनचे आवार पाहायला वळल्या, त्यांच्याबरोबर मी गेले. मोठमोठी झाडे, जुन्या इमारती, भले मोठे प्रार्थनामंदिर. एका बाईने आम्हांला सगळे हिंडवून दाखवले आणि रमाबाईंची हकीकत थोडक्यात सांगितली. सांगता सांगता, त्यांची एकुलती एक मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, असे ती म्हणाली आणि मी तिथेच थबकले. पुण्याला आल्यावर मी वाचनालयातून देवदत्त नारायण टिळकांनी लिहिलेले रमाबाईंचे चरित्र आणले. रात्रीची निजानीज झाली की स्वयंपाकघरात बसून वाची. महिनाभर पुरले. नंतर आणखीही दोन पुस्तके मिळवली. त्यातून जे मनात राहिले ते येथे लिहिते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ म्हणून ठिकाण आहे, तेथे झाला. तो भाग आज कर्नाटकात येतो. तुंगा, भद्रा, नेत्रावती या नद्या तेथून निघतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. या कथेची सुरुवात मात्र आपल्या पुण्यातच झालेली आहे. अनंतशास्त्री तरुणपणी पुण्यात विद्या शिकत होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणते हे अनंतशास्त्र्यांनी प्रथम तेथे पाहिले आणि आपल्याही पत्नीला शिकवायचे असा निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते चालू दिले नाही. पुढे ती वारली. चाळिशी उलटल्यावर गोदावरीकाठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची लेक त्यांना दिली, तिला मात्र त्यांनी शिकवलेच. गावाने बोल लावला म्हणून रानात घर बांधून राहिले. वयातले अंतर वाचून आपल्याला आज कसेसेच होते, पण त्या काळी ते रिवाजाचे होते. त्या लक्ष्मीबाई इतक्या विदुषी झाल्या की पुढे मुलीला त्यांनीच शिकवले. घरकाम आवरेना, तेव्हा पहाटे अंधारातच लेकीला हलकेच जागे करायचे आणि मांडीवर घेऊन श्लोक म्हणून घ्यायचे. हा भाग मी दोनदा वाचला. माझी लेक परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठे, तेव्हा मी चहा करून जवळ बसे, एवढेच माझ्याने होत होते.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच घर मोडले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका गड्याच्या डोक्यावरून तान्ह्या रमेचा प्रवास सुरू झाला. देवळात पुराण सांगावे, लोक जे धान्य-पैसा ठेवतील त्यावर निर्वाह करावा आणि उरेल ते ब्राह्मणांना दान द्यावे, असा क्रम होता. व्रत राहिले नाही, तीर्थ राहिले नाही. अनंतशास्त्री हातचे राखून देव करणाऱ्यांतले नव्हते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. अनंतशास्त्र्यांना म्हातारपणाने दिसेनासे झाले होते. पुराण ऐकायला कोण येणार? लोकांच्याच पोटात अन्न नव्हते. दागिने गेले, रेशमी वस्त्रे गेली, तांब्यापितळेची भांडी गेली. सांगण्यासारखे दुसरे काम कोणालाच येत नव्हते आणि भीक मागायची लाज. तिरुपतीच्या बाजूच्या डोंगरात हे पाच जीव अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर राहिले. शेवटी वडिलांनी तीर्थात जलसमाधी घ्यायचे ठरवले. एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. सर्वांत धाकट्या रमेला शेवटी घेतले, तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, आणि जन्मभर देवाची सेवा करीत राहा असे सांगितले. त्याच वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करतो, पण जीव देऊ नका, असे त्याने वडिलांना विनवले. म्हणून ते सगळे डोंगर उतरून खाली आले. पण वडिलांच्या अंगात काही उरले नव्हते. 1874 साली त्यांनी प्राण सोडला.

पाठोपाठ दीड महिन्यात आई आजारी पडली. भुकेने तिला भ्रम होई आणि ती खायला मागे. सोळा वर्षांची रमा शेजारच्या ब्राह्मणाच्या घरी गेली. भाकरीचा तुकडा मागायचा, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या घरातल्या बाईने चेहरा पाहूनच काय ते ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. रमा धावत आली. आईला तो तुकडा खाता आला नाही. थोड्याच दिवसांत ती गेली. खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, त्यांच्यासह भाऊ आणि रमा असे चौघे मिळाले. स्मशान तीन मैलांवर. रमा ठेंगणी होती, तिचा खांदा इतरांच्या खांद्याला पुरेना, म्हणून आईच्या तिरडीचे आपल्याकडचे टोक तिने डोक्यावर घेतले आणि तशीच चालत गेली.

मी येथे पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना हात थांबत होते.

थोरली बहीणही काही काळाने गेली. उरले भाऊ-बहीण. दोघांनी सारा हिंदुस्थान पायी पालथा घातला, चार हजार मैलांच्या वर चालणे झाले असे सांगतात. धान्य मिळाले तर भिजवून मिठाशी खायचे. पंजाबातल्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा नदीच्या काठी दोन खड्डे खणून त्यात निजायचे आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घ्यायची. ज्या देवांसाठी आईबापांनी सर्वस्व उधळले त्यांच्यावरून या दोघांचे मन या काळात उडाले. सगळे विधी शास्त्राप्रमाणे केले, तरी कोणी धावून आले नाही. मला यात रमाबाईंचा उद्धटपणा दिसत नाही. घरी बसून, दोन वेळ जेवून, माझेही मन उडालेच होते की!

1878 साली ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली. वीस वर्षांची मराठी मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते हे पाहून ते थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. सभा, सत्कार, वर्तमानपत्रांत नाव! पण 1880 मध्ये भाऊही गेला. मरताना त्याला एकच घोर होता, माझ्यामागे हिचे कसे होणार. देवाखेरीज आपले कोणी नाही आणि तो पाहील, असे रमाबाईंनीच त्याला समजावले. मन मूर्तींवरून उडाले होते तरी देव हा शब्द तोंडून गेला नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. 1881 च्या एप्रिलात मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पती गेले. म्हणजे आठ वर्षांत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. वय चोविशीच्या आत आणि कडेवर दहा महिन्यांची पोर.

त्या पोरीला घेऊन त्या 1882 मध्ये आपल्या पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी येथे आर्य महिला समाज काढला. त्यांचे प्रवचन ऐकायला जाणाऱ्या सुनांना घरोघरी बोलणी खावी लागत, खुद्द रानड्यांच्या घरी रमाबाई रानड्यांनाही ती चुकली नाहीत. आज आपण दर गुरुवारी दुपारी बिनधास्त मंडळात येतो, तिळगूळ-हळदीकुंकू करतो, भाषणे ऐकतो. पुण्यात बायकांनी एकत्र जमून आपल्या हिताचे बोलावे, या गोष्टीच्या पायाशी त्याही आहेत. त्याच साली सरकारच्या शिक्षण समितीपुढे त्यांनी मराठीतून साक्ष दिली आणि बायकांना बायका डॉक्टर हव्यात असे सांगितले.

स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. वँटेज येथे जोगिणींच्या मठात उतरल्या. त्या बायका लंडनमध्ये वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवीत. रमाबाईंनी ते पाहिले. आपल्याकडे जिला दारात उभी करत नाहीत तिला या बायका जवळ घेऊन बसतात, औषध देतात, काम शिकवतात. हे का करता म्हणून विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली गेली. तीच त्यांच्या मनाला लागली. मधल्या काळात बरोबर गेलेल्या मैत्रिणीने तेथे आत्महत्या केली, हा आणखी एक घाव. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. कानांनी बहिऱ्या होत चालल्याने वैद्यकी राहिली ती राहिलीच.

पुण्यात यावर केवढे वादळ झाले असेल! जोतीराव फुल्यांसारखे थोडे लोक त्यांच्या बाजूने लिहिणारे निघाले, बाकी सगळा गाव उलटला. मला विचाराल तर, त्यांनी धर्म बदलला हे मला आजही आपले वाटत नाही. मी माळकऱ्याच्या घरातली. ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की माझे वडील वारकऱ्यांना जेवू घालीत. तो विठ्ठल माझ्याने सोडवायचा नाही. पण तिरडी डोक्यावर घेऊन चाललेल्या त्या मुलीला मी कोण सांगणार, की तू देव कुठल्या दारात शोधायचा?

आणि एवढे करून त्यांना शांती मिळाली होती असेही नाही. हे मला चरित्र वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांची मनातली तगमग चालूच होती. धर्म मिळाला होता, पण त्यात हवे ते मिळाले नव्हते, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 1891 च्या सुमारास त्यांना देव आपला वाटू लागला. म्हणजे आई गेल्यापासून सतरा वर्षे! मी आठ महिन्यांत देवाकडे जाब मागून मोकळी झाले होते.

मधल्या काळात त्या अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 साली डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी गेल्या आणि हिंदी विधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहून, गावोगाव व्याख्याने देऊन मदत उभी करून आल्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन निघाले, पुढल्या वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या बाया कर्वे. सदनात धर्म शिकवायचा नाही असे ठरलेले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. 1893 साली यावरून मोठा गहजब झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना आपापले खरे वाटत असणार. मी त्यात पडत नाही. आपल्या पोरीला न विचारता कोणी दुसऱ्या देवाकडे नेले तर मलाही राग येईल, हेही खरे.

1896-97 मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. पदरी पैसा नव्हता, सदन चालवणेच जड जात होते. पण भुकेल्या मुलींच्या हकीकती ऐकल्या आणि त्यांना आपले ते रान आठवले. त्या निघाल्या. तेथील आश्रयस्थानांत पोरींचे हाडांचे सापळे झालेले, आणि त्यांना फसवून नेणारे लोक टपलेले. रमाबाईंनी त्या खेपांत तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता, शहरात एवढी माणसे ठेवू देईनात. केडगावला आधी घेऊन ठेवलेली जमीन होती. तेथे माळावर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या, त्याचेच 1898 साली मुक्तिसदन झाले. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, आणखी आल्या. संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. दोन हजार ताटे, दोन वेळ! घरात दहा पाने झाली तर आपण दमतो. शेत, विहिरी, गाई, तेलाचा घाणा, माग, छापखाना, सारे बायकाच चालवीत. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. जिला कोठेच थारा नाही अशा फसलेल्या बायकांसाठी वेगळे घर बांधले. खर्चाला पैसे कुठून येणार हे पुष्कळदा आदल्या दिवशी ठाऊक नसे. त्या प्रार्थना करीत आणि कामाला लागत.

या कामात त्यांचा उजवा हात म्हणजे मनोरमा. ती परदेशात शिकून आली, तेथे सहज राहू शकली असती. आईबरोबर केडगावच्या धुळीत राहिली, शाळा चालवली, आंधळ्या मुलींचा वर्ग पाहिला. आईच्या मागे सगळे हीच सांभाळणार असे सर्वांनी धरले होते. 1921 च्या जुलैत ती गेली. चाळीस वर्षांची होती. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, बहिऱ्या आणि थकलेल्या.

आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता ही. मी या ठिकाणी फार शोधले. देवाशी त्या भांडल्या का, जाब विचारला का, हे मला हवे होते. तसे काही मला सापडले नाही. त्यांनी मागची व्यवस्था लावून दिली आणि त्या टेबलाशी बसल्या. गेली कित्येक वर्षे त्या बायबल साध्या मराठीत उतरवत होत्या, खेड्यातल्या अर्धवट शिकलेल्या बाईला कळावे म्हणून. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुली अक्षरे जुळवीत, त्या तपासत. मनोरमा गेल्यावरचे आठ-नऊ महिने त्यांनी हेच केले. ते काम हातावेगळे झाले आणि थोड्याच दिवसांत, 5 एप्रिल 1922 रोजी, झोपेतच त्यांनी देह ठेवला. ग्रंथ पुरा छापून निघाला तो 1924 मध्ये.

माझे काय झाले असे कोणी विचारील. चमत्कार काही झाला नाही. मुलीची सायकल अजून जिन्याखाली आहे, मी ती पुसते. पण पुस्तक वाचत असतानाच एका सकाळी सासूबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून देवांना आंघोळ मी घातली. ती दुसऱ्या दिवशीही घातली. विठ्ठलाला अजून काही मागितलेले नाही. त्याच्यापुढे रोज बसते, आणि कधी रडू येते तर येऊ देते. सासूबाईंना मी रमाबाईंची सगळी गोष्ट भाजी निवडताना सांगितली. त्यांनी मुकाट ऐकून घेतली. शेवटी, ती भाकरी देणारी शेजारीण कोण होती, एवढेच त्यांनी विचारले. तिचे नाव मला कुठे मिळाले नाही.

कार्यकारिणीतील भगिनींना एक विनंती करते. पुढल्या वर्षी पुन्हा केडगाव बेटाची सहल काढावी. दौंडकडे जाणारी सकाळची गाडी धरली तर दत्तदर्शन आणि प्रसाद आटोपून दुपारी दोन तास मोकळे मिळतात, ते मुक्ती मिशनसाठी राखून ठेवावेत. निराधार बायका-मुलांना तेथे आजही आसरा मिळतो. आधी कळवून गेले तर बरे पडेल. जाताना प्रत्येकीने घरून शेर-दोन शेर धान्य न्यावे असे मला वाटते. माझ्याकडून मी बाजरी आणीन. आणि या खेपेस दर्शनाला मीही आत येईन.